नाव गाळणे म्हणजे तटस्थता नव्हे

“सैनिकाला जात नसते, धर्म नसतो. हुतात्मा तो हुतात्मा. तो कुठल्या समाजाचा होता हे उगाळायचे कशाला?” पुण्याच्या धायरीत हा युक्तिवाद वर्षातून दोनदा हमखास ऐकू येतो. एकदा १ जानेवारीला, शहराच्या दुसऱ्या टोकाला नगर रस्त्यावर कोरेगाव भीमाकडे माणसांची रीघ लागते तेव्हा. आणि दुसऱ्यांदा २६ जुलैला, कारगिल विजय दिनाच्या फलकावर कोणाकोणाचे फोटो घ्यायचे अशी चर्चा निघते तेव्हा. बोलणारे बहुधा निवृत्त फौजी असतात. खडकवासल्याची राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी इथून जवळ, त्यामुळे सिंहगड रस्त्याच्या या पट्ट्यात सोसायटीगणिक एखादे सुभेदार साहेब, एखादे कर्नल साहेब भेटतातच. त्यांच्याविषयी मला आदर आहे. एका लंगरमध्ये जेवलेली, एका खंदकात रात्री काढलेली ही माणसे आहेत. त्यांचा अनुभव खरा आहे. त्यातून ते जो निष्कर्ष काढतात तो मात्र चुकीचा आहे, आणि आज तो धोकादायकही झाला आहे.

सुभेदार साहेब, ज्या फौजेत आपण उमेदीची वर्षे घालवली तिच्या रेजिमेंटांची नावे आठवा. मराठा, महार, राजपूत, जाट, शीख, डोग्रा. समाजांची नावे पलटणींना खुद्द लष्कराने दिली. भरतीच्या वेळी कोण कुठला हे शंभर-सव्वाशे वर्षे बारकाईने लिहून ठेवले. समाज पाहून कोणाला घ्यायचे आणि कोणाला दारातून परत पाठवायचे हेही ठरवले. मग तोच शिपाई मर्दुमकी गाजवून मेला की त्याचा समाज सांगणे एकदम अशोभनीय कसे ठरते? हिशेब मांडताना जात चालते, गौरव करताना चालत नाही, असा नियम असेल तर त्याचा तोटा कोणाला होतो हे तपासायलाच हवे. बहुसंख्यांच्या वीरांची नावे पोवाड्यात, पुतळ्यांत, चौकांच्या पाट्यांवर आधीच कोरलेली आहेत. ‘यापुढे कोणाचाही समाज सांगायचा नाही’ असे ठरवले, तर त्यातले एकही नाव खाली येत नाही. पाटीवर कधी चढलीच नाहीत ती नावे मात्र कायमची बाहेर राहतात.

उदाहरण म्हणून डबराईचे ठाणे घेऊ. दुसरे अफगाण युद्ध चालू होते. कंदाहारच्या वाटेवरचे हे एक छोटे ठाणे. १६ एप्रिल १८८० रोजी तिथे मुंबई पायदळाच्या १९ व्या रेजिमेंटचा मेजर सिडनी वॉडबी होता आणि त्याच्याबरोबर त्याच पलटणीचे दोन शिपाई होते, इलाहीबक्ष आणि सोननाक ताननाक. हल्ला होणार अशी खबर आधीच आली होती. ठाणे सोडून मागे जाणे शक्य होते. ते गेले नाहीत. पलटणीने पुढे उभारलेला स्मृतिफलक सांगतो की सुमारे तीनशे शत्रूंपुढे त्यांनी ठाणे तीन तास लढवले, दारूगोळा संपल्यावर ते बाहेर पडले, सरळ गर्दीत घुसले आणि लढता लढता मारले गेले. एक इंग्रज, एक मुसलमान, एक महार. फलकावर तिघांचीही नावे आली, आणि त्या काळच्या पलटणीचे ते मोठेपण मान्य करायला हवे.

पुढे काय झाले? वॉडबीच्या नावाने मुंबईच्या फोर्टात रस्ता झाला. तो वॉडबी रोड म्हणून कित्येक दशके ओळखला जाई, आता त्याला हजारीमल सोमाणी यांचे नाव आहे. इलाहीबक्षच्या आणि सोननाकच्या नावाने काय आहे? महार रेजिमेंटचा इतिहास सांगणारी काही पुस्तके सोननाकची आठवण ठेवतात. इलाहीबक्षला तेवढाही आधार नाही. त्यांची नावे कोणी रागाने खोडली असे झालेले नाही. ती पुढच्या माणसाने लिहिली नाहीत, एवढेच. ‘मेजर वॉडबी आणि दोन शिपाई’ असे लिहिणारा माणूस खोटे लिहीत नसतो. त्याच्या वाक्यातून दोन माणसे मात्र नाहीशी होतात. इतिहासातून माणसे काढून टाकण्याची हीच सगळ्यात सोपी आणि सगळ्यात रुळलेली रीत आहे.

आता डबराईपासून बारा वर्षे पुढे या. ज्या अफगाण युद्धाने फ्रेडरिक रॉबर्ट्सचे नाव गाजवले, तोच रॉबर्ट्स १८८५ ते १८९३ या काळात हिंदुस्थानचा सरसेनापती होता. काही जमाती जन्मतः लढाऊ आणि बाकीच्या नालायक, या मताचा तो खंदा पुरस्कर्ता. मुंबई आणि मद्रासकडच्या शिपायांना तो कमी लेखत असे. १८९२ च्या सुमारास महारांची भरती बंद झाली. एक दिवस आधीपर्यंत ज्यांच्या घरात सुभेदार होते, जमादार होते, त्या समाजाच्या पुढच्या पिढीला छावणीचे दार बंद झाले. बाबासाहेब आंबेडकर १८९१ मध्ये महूच्या छावणीत जन्मले. वडील सुभेदार रामजी सकपाळ लष्करी शाळेचे शिक्षक. दुसरीकडे कुठेही जे शिक्षण महाराच्या पोराला मिळत नव्हते ते पलटणीच्या शाळेत मिळत होते, मुलींनाही मिळत होते. भरती थांबली तेव्हा पगार आणि पेन्शन तर गेलेच, अक्षरओळखीची ती एकमेव खात्रीची वाटही बुजली.

भरती का नाही, तर म्हणे हे लोक लढवय्ये नाहीत. लढवय्ये नाहीत हे कशावरून, तर पलटणीत ते दिसत नाहीत यावरून. आधी माणसाला यादीतून काढायचे आणि मग यादीत नाव नाही म्हणून तो नालायक ठरवायचा. या चक्रातून बाहेर पडायला एकच साधन उरते, ते म्हणजे जुनी नोंद. ‘आमचा अमुक पूर्वज अमुक ठिकाणी, अमुक तारखेला लढला, आणि हे तुमच्याच हाताने लिहिलेले आहे’, असे दाखवता आले तरच बंद दार ठोठावता येते.

आणि ते ठोठावले गेले. पेन्शनर गोपाळबाबा वलंगकरांनी १८९४ मध्ये भरती पुन्हा सुरू करावी म्हणून अर्ज तयार केला. पुण्याच्या शिवराम जानबा कांबळे यांनी तर हे काम जन्माचे मानले. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्यांनी आपल्या दिवे घाटापलीकडच्या सासवडला ५१ गावांच्या महारांची सभा घेतली. दीड हजारावर सह्यांचा अर्ज सरकारकडे गेला. १९०८ मध्ये त्यांनी ‘सोमवंशीय मित्र’ हे मासिक काढले. १९१० मध्ये थेट भारतमंत्र्यांकडे निवेदन धाडले. पोलिसात आणि फौजेत अगदी खालच्या जागा तरी द्या, इतकी साधी मागणी होती. या सगळ्या लिहिण्याबोलण्याचा कणा काय होता? वाडवडिलांची लष्करी सेवा. ती सेवा नावानिशी नोंदलेली नसती तर कांबळे यांच्या हातात विनवणीखेरीज काही उरले नसते. शूरांची नावे जपणे हा भावनेचा प्रश्न आहे असे ज्यांना वाटते त्यांनी सासवडच्या त्या सह्यांकडे पाहावे. तिथे पूर्वजाचे नाव हे हक्काचे कागदपत्र होते.

पहिल्या महायुद्धात माणसे कमी पडली तेव्हा १९१७ मध्ये १११ वी महार पलटण उभी राहिली. युद्ध संपले, गरज सरली, १९२१ पर्यंत ती मोडीत निघाली. मग थेट १९४१. बाबासाहेब त्या वर्षी संरक्षण सल्लागार समितीवर गेले, आणि ऑक्टोबरमध्ये बेळगावला महार रेजिमेंटची पहिली बटालियन उभी राहिली. १८९२ ते १९४१ म्हणजे जवळपास अर्धे शतक. मधल्या चार वर्षांचा अपवाद सोडला तर हे सगळे शतकार्ध एका समाजाने ‘आम्ही लढलो होतो’ एवढेच सिद्ध करण्यात घालवले.

कोरेगावकडे या पार्श्वभूमीवर पाहायला हवे. तिथल्या स्तंभाचा पाया २६ मार्च १८२१ रोजी घातला गेला. लढाई १ जानेवारी १८१८ ची, ईस्ट इंडिया कंपनी आणि पेशवे यांच्यातली. कॅप्टन स्टाँटनच्या हाताखाली आठशेच्या वर माणसे होती: मुंबई पायदळाच्या पहिल्या रेजिमेंटची दुसरी बटालियन, पूना ऑक्झिलरी हॉर्सचे स्वार आणि मद्रासचे मूठभर गोलंदाज. शिळेवर धारातीर्थी पडलेल्यांची जी ४९ नावे आहेत त्यांतली २२ ‘नाक’ प्रत्ययाची, म्हणजे महार शिपायांची आहेत. बाकीची इतर समाजांतल्या शिपायांची.

इथे माझ्या बाजूच्या लोकांनाही एक गोष्ट सांगितली पाहिजे. ‘पाचशे महारांनी अठ्ठावीस हजारांची पेशवाई बुडवली’ हे वाक्य भाषणात टाळ्या घेते, पण शिळा तसे म्हणत नाही. त्या बटालियनमध्ये इतरही होते. पेशव्यांचे सगळे सैन्य त्या दिवशी गावात उतरले नव्हते, आणि जे उतरले त्यांत अरबांचा मोठा भरणा होता. एकाचे नाव वर आणताना शेजारच्या सत्तावीस जणांची नावे झाकणे हे ज्या अन्यायाविरुद्ध आपण बोलतो त्याचेच दुसरे रूप आहे. शिळेवर जेवढे कोरले आहे तेवढे पुरेसे आहे. बावीस नावे पुरेशी आहेत. ज्यांना गावाच्या विहिरीला हात लावता येत नव्हता त्यांची ती नावे दगडावर इतरांच्या ओळीत बसली आहेत, याहून मोठा दावा करण्याची गरजच काय?

मग पुढचा आक्षेप येतो. ते इंग्रजांसाठी लढले, त्यांना वीर कसे म्हणायचे? प्रश्न रास्त आहे, पण तो सगळ्यांना सारखा विचारला पाहिजे. मराठा लाइट इन्फंट्री आपली स्थापना १७६८ पासून मोजते, कंपनीच्या मुंबईतल्या शिपाई पलटणीपासून. यशवंत घाडगे आणि नामदेव जाधव यांनी दुसऱ्या महायुद्धात इटलीच्या भूमीवर व्हिक्टोरिया क्रॉस मिळवले. तेही ब्रिटिश राजाच्याच सैन्यात होते. घाडगे यांचा पुतळा माणगावात आहे आणि तो असायलाच हवा. पोटासाठी, इभ्रतीसाठी, पलटणीच्या नावासाठी मराठी माणूस त्या फौजेत गेला, शौर्याने लढला, आणि आपण ते शौर्य आपले मानले. हा उदारपणा योग्य आहे. तो सोननाकच्या दारापाशी येऊन थांबत असेल तर अडचण इंग्रजांच्या चाकरीची नव्हती, हे उघड होते.

स्वातंत्र्यानंतर भारतीय सत्तांविरुद्धच्या लढायांत मिळालेले युद्धसन्मान मिरवायचे नाहीत, असे आपल्या लष्कराने ठरवले. कोरेगावचा सन्मानही त्यात गेला. स्वतंत्र देशाच्या फौजेने असा निर्णय घेणे मला समजते. मात्र एकच नियम सगळ्यांवर सारखा पडत नाही. ज्या पलटणींकडे दीडशे वर्षांच्या अखंड इतिहासाची पाने होती त्यांचे एक पान गेले. महारांना मात्र अर्धे शतक बाहेर ठेवले होते, त्यांच्यापाशी पाने मोजकीच. महार रेजिमेंटच्या पूर्वीच्या बिल्ल्यावर कोरेगावचा स्तंभ होता, त्यावर मशीनगनची फुली. पुढे स्तंभ गेला, त्या जागी खंजीर आला. खंजिराखाली त्या रेजिमेंटने कमावलेली कीर्ती कमी नाही. मेजर रामस्वामी परमेश्वरन यांचे परमवीर चक्र तिथलेच, आणि जनरल कृष्णराव व जनरल सुंदरजी हे दोन लष्करप्रमुखही तिथलेच. पण आज बिल्ला पाहणाऱ्या नव्या रंगरुटाला त्यावरून आपल्या आजोबांच्या आजोबांपर्यंत जाता येत नाही. ही वाट इतिहासाच्या पाठात तरी शाबूत ठेवणे हे आपले कर्तव्य होते, आणि ते आपण केलेले नाही.

कोरेगावला त्या दिवशी लढलेल्या दोन पलटणींचे पुढे काय झाले हे फार थोड्यांना ठाऊक असते. पायदळाची ती बटालियन पुढे ग्रेनेडियर्स रेजिमेंटच्या वंशात गेली. ते स्वार म्हणजे आजची पूना हॉर्स. १९६५ च्या युद्धात भारताने दोनच परमवीर चक्रे दिली. एक ग्रेनेडियर्सला, दुसरे पूना हॉर्सला.

कंपनी क्वार्टर मास्टर हवालदार अब्दुल हमीद, चौथी ग्रेनेडियर्स. खेमकरणच्या उसाच्या रानात जीपवर बसवलेल्या रिकॉइललेस तोफेने त्यांनी पॅटन रणगाडे फोडले आणि १० सप्टेंबरला तिथेच देह ठेवला. लेफ्टनंट कर्नल आर्देशिर बर्जोरजी तारापोर, पूना हॉर्सचे कमांडंट. फिलोराच्या लढाईत ११ सप्टेंबरला जखमी झाले. मागे हलवायला नकार देऊन पाच दिवस रणगाड्यांची आघाडी सांभाळली आणि १६ सप्टेंबरला मारले गेले. एक मुसलमान, एक पारशी. तारापोर तर पुण्यात सरदार दस्तूर शाळेत शिकलेले. १८१८ च्या लढाईची ती शिळा आणि १९६५ ची ही दोन पदके यांना जोडणारा धागा पुण्यातून जातो. असे असताना पुण्यातल्या किती शाळांत हा धागा शिकवला जातो?

त्या हमीदांच्या गावी, उत्तर प्रदेशात गाझीपूर जिल्ह्यातल्या धामूपूरला, ज्या शाळेत ते शिकले तिच्या भिंतीवर त्यांचे नाव होते. २०२५ च्या फेब्रुवारीत रंगरंगोटी झाली आणि ‘पीएम श्री’ योजनेची पाटी आली तेव्हा ते नाव उडाले. अधिकाऱ्यांनी कागदोपत्री नोंदीचे कारण पुढे केले. घरच्यांनी तक्रार केली, देशभर बोभाटा झाला, मग नाव परत आले. पुढच्याच महिन्यात अमेरिकेत तेच. आर्लिंग्टनच्या राष्ट्रीय लष्करी दफनभूमीने आपल्या संकेतस्थळावरून कृष्णवर्णीय, हिस्पॅनिक आणि स्त्री सैनिकांच्या याद्या बाजूला सारल्या. व्हिएतनाममध्ये तीनदा जखमी होऊनही लढत राहिलेले मेजर जनरल चार्ल्स रॉजर्स यांचे पान संरक्षण खात्याने काढले. ओरड झाल्यावर ते परत आले. तिथली सबब धायरीतल्यासारखीच होती: आम्ही भेद करत नाही, म्हणून भेदाचा उल्लेख नको.

‘नावे परत आली ना, मग झाले’, असे यावर कोणी म्हणेल. हमीदांना परमवीर चक्र आहे, त्यांच्यावर टपाल तिकीट निघाले आहे, त्यांच्यामागे आवाज उठवणारे कुटुंब आहे. त्यांचे नाव पुसणाऱ्याचा हात पकडला गेला. इलाहीबक्षचे नाव पुसले तर कोण धावणार? ज्यांच्यासाठी ओरडणारे आहेत तेवढ्यांचाच इतिहास टिकणार असेल, तर तो अधिकृत इतिहास कसला?

आणि भेद वाढतो या भीतीविषयी. धायरीतले माझे शेजारी खरोखर घाबरून हे म्हणतात. २०१८ च्या १ जानेवारीला कोरेगाव परिसरात जे घडले ते सगळ्यांनी पाहिले आहे. शांतता हवी ही इच्छा चुकीची नाही. पण त्या दिवशीचा दंगा शिळेवरच्या नावांनी पेटवला नव्हता. दोनशे वर्षे ती नावे तिथे निमूट उभी आहेत. पेटते ते अज्ञान. ज्या मुलाला शाळेत कोणी सांगितलेच नाही की एका ओळीत महार, मराठा, मुसलमान सगळे पडले होते, त्याला कोणीही काहीही सांगू शकतो, आणि सांगतात. एकी हवी असेल तर पूर्ण यादी वाचून दाखवावी लागेल. अर्धी यादी वाचून झालेली एकी ज्यांची नावे वाचली त्यांच्यापुरतीच असते.

लष्कराच्या नोंदी आणि राज्याची पाठ्यपुस्तके आपण एका दिवसात बदलू शकणार नाही. धायरीतला फलक मात्र आपल्या हातात आहे. येत्या २६ जुलैला मंडळांनी फ्लेक्स लावताना नुसते ‘वीर जवानांना अभिवादन’ लिहून थांबू नये; नाव, हुद्दा, पलटण, गाव आणि तारीख लिहावी, आणि त्यात अब्दुल हमीद व तारापोर असावेत. शाळांनी १० आणि १६ सप्टेंबरला परिपाठात या दोघांची पाच-पाच मिनिटे माहिती सांगावी. १६ एप्रिलला इलाहीबक्ष आणि सोननाक ताननाक या दोन शिपायांची नावे फळ्यावर लिहावीत. आणि निवृत्त फौजींना माझी हात जोडून विनंती आहे: ही नावे वाचून दाखवायला तुम्हीच पुढे या. तुमच्या तोंडून ती ऐकली तर भेदाचा आरोप करायला कोणी धजणार नाही.